त्या गाडीतला पोरगा कोण होता?

डिसेंबरात मावशी राहायला आली होती. तिला रात्री जेवणं झाली की काहीतरी बघायला लागतं आणि हाताला पण काम लागतं, म्हणजे समोर टीव्ही आणि मांडीवर मटाराच्या शेंगांचं ताट. मी मॅन्सनच्या केसवरची एक डॉक्युमेंटरी लावली होती (कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणीच वाटतात). सुरुवात नेहमीचीच. अंधार, गवतातून चालणारे पाय, स्लो मोशन, मागे छातीचे ठोके पडल्यासारखं म्युझिक. मग एक गाडी येते, गाडीत एक पोरगा, तो हात वर करतो, गोळ्या सुटतात, कॅमेरा पुढे घराकडे. सगळं मिळून चार सेकंद असेल. मावशी शेंग सोलता सोलता म्हणाली, "हा कोण रे?"

मला सांगता येईना. या केसवर मी आत्तापर्यंत चार-पाच गोष्टी पाहिल्या असतील, मॅन्सनच्या कपाळावरची ती खूण मी डोळे मिटून काढून दाखवीन, आणि गाडीतल्या पोराचं नाव माहीत नाही. "थांबव की मग, बघ ना कोण ते," मावशी म्हणाली. थांबवलं, मोबाईल काढला.

स्टीव्हन पेरंट त्याचं नाव, वय १८, नुकतीच शाळा संपलेली, दोन ठिकाणी काम करून पुढच्या शिक्षणासाठी पैसे साठवत होता. जिथे खून झाले त्या बंगल्यातल्या नटीशी किंवा तिच्या पाहुण्यांशी त्याचा काही संबंध नाही, मागच्या आउटहाऊसमध्ये राहणारा रखवालदार त्याच्या ओळखीचा होता आणि त्याला क्लॉक रेडिओ विकायला म्हणून हा गेला होता. रखवालदाराला काही तो नको होता. हा रेडिओ घेऊन परत निघाला आणि गेटपाशी पोचायच्या आत मेला. पोलिसांना गाडीत तो रेडिओ मिळाला तेव्हा त्याचं घड्याळ १२:१५ ला थांबलेलं होतं. कित्येक तास पोराची ओळखच पटली नव्हती, कागदावर तो 'जॉन डो ८५' होता.

हे सगळं सांगितल्यावर मावशी म्हणाली, "मग हे का नाही दाखवत?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झालाय, थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

ज्यांना केस माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ९ ऑगस्ट १९६९, मध्यरात्रीनंतर, लॉस एंजेलिसच्या डोंगरातलं सिएलो ड्राइव्हवरचं घर. शॅरन टेट ही २६ वर्षांची नटी, साडेआठ महिन्यांची गरोदर, तिचे तीन पाहुणे जे सेब्रिंग, अॅबिगेल फोल्गर, वोइचेक फ्रायकोव्स्की, आणि आपला स्टीव्हन, असे पाच जण मारले गेले. दुसऱ्या रात्री शहराच्या दुसऱ्या भागात लेनो आणि रोझमेरी लाबियांका हे नवरा-बायको, त्याचा किराणा मालाच्या दुकानांचा धंदा. मारणारी पोरं-पोरी विशीतली, चार्ल्स मॅन्सन नावाच्या बुवाच्या 'फॅमिली'तली. मॅन्सन स्वतः पहिल्या रात्री तिथे नव्हता. दुसऱ्या रात्री आत गेला, नवरा-बायकोला बांधलं आणि बाकीच्यांना आत पाठवून स्वतः निघून गेला.

आता माझा मुद्दा. हे खून मुळात 'सीन' म्हणूनच रचलेले होते. मॅन्सनने पोरींना निघताना सांगितलं होतं की तिथे काहीतरी खूण सोडून या, काहीतरी चेटकिणीसारखं, हे कोर्टात साक्षीत आलंय. भिंतीवर, दारावर रक्ताने शब्द लिहिले ते त्यासाठीच. सरकारी वकील व्हिन्सेंट बुग्लिओसी यांच्या म्हणण्याप्रमाणे हे काळ्या लोकांनी केलं असं वाटून वंशयुद्ध पेटावं हा बेत होता. या हेतूबद्दल पुढे बऱ्याच जणांनी शंका घेतल्या, पण हेतू कुठलाही धरा, लोकांनी बघावं म्हणून मांडलेलं दृश्य होतं एवढं नक्की. म्हणजे बुवा घरी बसलेला दिग्दर्शक, नट पाठवले, सेट लावला, आणि प्रेक्षक म्हणजे आख्खी अमेरिका. आणि पन्नास वर्षं होऊन गेली तरी आपण काय करतोय, तर दर दोन-तीन वर्षांनी नवे नट घेऊन, चांगला कॅमेरा घेऊन, तोच सीन त्याच्याच स्क्रिप्टप्रमाणे परत शूट करतोय. त्याला हवं होतं तेच झालं की! बरं गंमत म्हणजे ही 'फॅमिली' राहायची कुठे, तर स्पान रांच नावाच्या जागी, जी वेस्टर्न सिनेमांचा जुना सेट होती, खोटे सलून, खोट्या दुकानांच्या पाट्या. मालक ऐंशीचा, जवळजवळ आंधळा म्हातारा. मी असं काल्पनिक लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते फार जुळवून आणलंय.

मॅन्सन पडद्याबाहेर काय होता हे पण बघा. १९६७ ला तुरुंगातून सुटला तेव्हा ३२ वर्षांच्या आयुष्यातली निम्म्याहून जास्त वर्षं सुधारगृहं आणि तुरुंगात गेलेली, गिटार वाजवून स्टार व्हायची हौस, रेकॉर्ड निघाली नाही याचा राग. आणि १२ ऑक्टोबर १९६९ ला पकडला कसा, तर डेथ व्हॅलीतल्या एका पडक्या घरात, बाथरूममधल्या वॉशबेसिनखालच्या छोट्याशा कपाटात अंग मुडपून बसला होता, केस बाहेर आले होते म्हणून पोलिसाला दिसला. पकडला पण गाड्या चोरल्याच्या आणि मशिनरी जाळल्याच्या केसमध्ये, खुनांचं तेव्हा त्या पोलिसांना माहीतही नव्हतं. तर मला सांगा, रीएनॅक्टमेंट, म्हणजे घडलेलं परत करून दाखवायचीच हौस आहे तर हा सीन करा ना. जगाचा तारणहार बेसिनखाली. तो मात्र जमला तर एका वाक्यात उरकतात, आणि पडद्यावर मॅन्सन दिसतो तेव्हा खालून लाइट मारलेला, डोळे मोठे, आवाज घुमणारा. त्याला असं दाखवलं की पोरी भुलल्या कशा हे आपल्याला कळलं असं वाटतं, डोळेच तसे होते ना! कळलेलं काही नसतं.

कारण भुलवणं हे डोळ्यांनी होत नाही, ते फार कंटाळवाणं, हळूहळू होत जाणारं काम आहे. पॅट्रिशिया क्रेनविंकल १९ वर्षांची, विम्याच्या कंपनीत क्लार्क, मॅन्सन भेटल्यावर काही दिवसांत नोकरी सोडून निघून गेली, गाडी पार्किंगमध्ये तशीच सोडली आणि शेवटचा पगारही घ्यायला गेली नाही. मला विचाराल तर अख्ख्या केसमधलं सगळ्यात भीतीदायक दृश्य ते आहे, पार्किंगमध्ये उभी असलेली ती गाडी. रक्ताचा थेंब नाही. पुढे रांचवर घड्याळ नाही, कॅलेंडर नाही, पेपर नाही, पुस्तकं नाहीत, नावं बदललेली, खाणं सुपरमार्केटच्या मागच्या कचऱ्यातून उचलून आणलेलं, पोरांना आयांपासून लांब ठेवलेलं. रात्री लोकांच्या घरात गुपचूप शिरायचं, काही मोठं चोरायचं नाही, फक्त सामान इकडचं तिकडे करून यायचं, हा 'खेळ' खेळत होते, म्हणजे ती तालीमच. आज कुठला वार आहे हे माहीत नसलेल्या पोरी एका रात्री निघतात आणि वाटेत त्यांना काखेत घड्याळ घेऊन निघालेला मुलगा भेटतो. हे कुणी दाखवलं तर मी एपिसोडच्या एपिसोड बघीन.

पण ते दाखवायला वेळ लागतो, आणि सुरा दाखवायला चार सेकंद. प्लॅटफॉर्मवाल्यांना पहिल्या दोन मिनिटांत माणूस धरून ठेवायचा असतो हे समजतं मला, मीही तसाच धरला गेलोय, उगाच साधू बनत नाही. रात्री दीडपर्यंत बघत बसलोय आणि सकाळी ऑफिसात जांभया दिल्यात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. त्या घरात नक्की काय झालं हे आपल्याला कळलं ते मारणाऱ्यांकडूनच, आणि ते एकमेकांशी जुळत नाही. 'फॅमिली'तल्या सुझन अॅटकिन्सने जेलमध्ये सोबतच्या बाईला फुशारकी मारत सांगितलं की शॅरनला मीच मारलं, मग ग्रँड ज्युरीपुढे म्हणाली मी धरलं होतं, मारलं आमच्यातल्याच टेक्स वॉटसनने. वॉटसनने पुढे कबूल केलं की ते त्याने एकट्याने केलं. कागदावर हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवता येतं, वाचणारा म्हणतो की बाबा इथे गोंधळ आहे. पडद्यावर एकच नटी असते आणि तिच्या हातात सुरा एकतर असतो किंवा नसतो. दिग्दर्शकाने एक निवडलं की बाकीचं गेलं, आणि बघणाऱ्याला आयुष्यभर ते 'पाहिल्यासारखं' आठवत राहतं. 'नाट्यरूपांतर' अशी पट्टी खाली टाकली की काम झालं असं यांना वाटतं. आपल्याकडे हिंदी न्यूज चॅनलवर ही पट्टी लहानपणापासून पाहिलीय आपण, पण पट्टी कोण वाचतं, सगळे चित्रच बघतात.

आता कोणी म्हणेल मग रीएनॅक्टमेंट बंदच करा असं म्हणायचंय का. नाही, उलट याच केसमध्ये एक रीएनॅक्टमेंट अशी झाली की मी तिला हात जोडतो. डिसेंबर १९६९ मध्ये अॅटकिन्सची हकीकत पेपरात छापून आली, त्यात होतं की खुनानंतर गाडी चालू असतानाच त्यांनी रक्ताळलेले कपडे बदलले आणि वाटेत फेकून दिले. केएबीसी या टीव्ही चॅनलच्या टीमने काय केलं, सिएलो ड्राइव्हवरून गाडी काढली, आत बसून खरोखर कपडे बदलले, आणि बदलून झाले तिथे गाडी थांबवली. रस्त्याकडेला उतार होता. खाली उतरून बघतात तर कपडे तिथेच पडलेले! चार महिने पोलिसांना मिळाले नव्हते ते टीव्हीवाल्यांना एका फेरीत मिळाले. ना स्लो मोशन, ना नटनट्या, फक्त एक साधा प्रश्न, की चालत्या गाडीत कपडे बदलायला वेळ किती लागतो आणि तेवढ्यात गाडी कुठवर जाते.

आपल्याकडे आरोपीला घेऊन पोलीस घटनास्थळी जातात, त्याच्याकडून सगळं परत करून घेतात, त्यातली कल्पना हीच की सांगतोयस ते खरंच शक्य आहे का ते बघू. एरल मॉरिसने १९८८ च्या 'द थिन ब्लू लाइन' मध्ये तेच केलं. डॅलसमध्ये १९७६ ला एका पोलिसाचा खून झाला होता, रँडल अॅडम्स नावाच्या माणसाला फाशीची शिक्षा झाली, मग जन्मठेप. मॉरिसने तो खून पुन्हा पुन्हा शूट केला, पण दर वेळी वेगळ्या साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे. त्यात एक मिल्कशेकचा कप हवेतून उडून रस्त्यावर सांडताना दिसतो, आणि तो कप बघत असताना आपल्या डोक्यात प्रश्न येतो की मेलेल्या पोलिसाची जोडीदार त्या क्षणी गाडीतून उतरली होती की बसून मिल्कशेक पीत होती. म्हणजे दाखवलेली प्रत्येक गोष्ट शंका वाढवते. १९८९ ला अॅडम्स सुटला. आणि गंमत बघा, याच मॉरिसने २०२५ ला मॅन्सनवर डॉक्युमेंटरी केली तेव्हा त्याचाही रोख तिथेच, की सरकारी वकिलाने सांगितलेली गोष्ट आपण इतकी वर्षं जशीच्या तशी का गिळली.

तर माझी रेघ इथे आहे. माहीत नाही म्हणून करून बघितलं तर करा, शंभर वेळा करा. जे माहीत आहे, किंवा माहीत असल्याचा आव आहे, ते अंगावर काटा यावा म्हणून परत करताय तर तो बुवाच्या नाटकाचा पुढचा प्रयोग आहे.

'जागृती होते' हा युक्तिवाद मला सगळ्यात पोकळ वाटतो. कुठल्या बुवाच्या नादी लागलेल्या माणसाला सुरा बघून जाग येते? सुरा शेवटी येतो, आणि तोवर त्याच्या घरच्यांचे फोन बंद झालेले असतात. आणि दाखवायला खरं काही नसतं म्हणून नट लागतात हेही पूर्ण खरं नाही. जोन्सटाउन घ्या. १८ नोव्हेंबर १९७८, गयानाच्या जंगलातली जिम जोन्सच्या पंथाची वस्ती, त्या दिवशी ९१८ माणसं मेली, त्यात तीनशेच्या वर लहान मुलं. मुलांना विष आधी पाजलं, त्यामुळे 'सामूहिक आत्महत्या' हा शब्दच मला पटत नाही. त्या शेवटच्या सभेची सुमारे ४४ मिनिटांची टेप आहे. त्या टेपवर क्रिस्टीन मिलर नावाची साठीची बाई जिम जोन्सशी वाद घालते. शांतपणे. रशियाला जायचं म्हणत होतो त्याचं काय, आता उशीर झाला का, विचारते, या बाळांना बघते तेव्हा वाटतं यांना जगायचा हक्क आहे, म्हणते. बाकीचे लोक ओरडून तिला गप्प करतात, जोन्सला तर फार बोलावंही लागत नाही. कुठल्याही रीएनॅक्टमेंटच्या लेखकाने ही बाई लिहिली नसती, कारण त्याच्या डोक्यात सगळे भक्त म्हणजे मेंढरं, डोळे शून्यात लावलेली. पंथ कसा चालतो हे त्या दोन-चार मिनिटांत जेवढं कळतं तेवढं शंभर नटांना जमिनीवर पाडून कळायचं नाही.

मेलेल्यांच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा काढला, कारण तो काढला की लगेच सगळं भावनेवर जातं. शॅरनची आई डोरिस टेट बरीच वर्षं गप्प होती. १९८२ च्या सुमारास मारणाऱ्यांपैकी एकीच्या पॅरोलसाठी नऊशे सह्या गोळा झाल्याचं कळलं तेव्हा ती उठली आणि साडेतीन लाखांवर सह्या जमवल्या, पुढे वॉटसनच्या पॅरोलच्या सुनावणीला त्याच्या समोर बसून बोलली. तिच्या नंतर मुलींनी ते चालू ठेवलं. यांना गोष्ट सांगण्यालाच विरोध आहे असंही नाही. २०१९ मध्ये टॅरंटिनोने सिनेमा काढला तेव्हा बहीण डेब्राने स्क्रिप्ट वाचून होकार दिला, शॅरनचे दागिनेसुद्धा वापरायला दिले, आणि त्या सिनेमात शॅरनचा खून दाखवलेलाच नाही! याच्यावरून काय समजायचं ते समजा.

आणि ट्रेंट रेझनरचा किस्सा. नाइन इंच नेल्स या रॉक बँडवाला. त्याने १९९२ ला सिएलो ड्राइव्हचं तेच घर भाड्याने घेतलं, तिथे स्टुडिओ थाटला, दारावर रक्ताने लिहिलेल्या शब्दावरूनच स्टुडिओचं नाव ठेवलं, आणि १९९४ ला घर पाडलं त्याआधी ते दार सोबत घेऊन गेला. पुढे त्यानेच मुलाखतीत सांगितलंय, शॅरनची बहीण त्याला भेटली आणि विचारलं की माझ्या बहिणीच्या मरणाचा फायदा घेतोयस का. तोवर त्याच्यासाठी ते घर म्हणजे अमेरिकन लोककथेतली एक भारी जागा होती. त्या प्रश्नानंतर पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं की माझी बहीण असती तर. भाडं भरून राहिलेल्या माणसाला हे सुचायला समोर कोणीतरी येऊन उभं राहावं लागलं, मग आपण तर सोफ्यावर.

हे सगळं अमेरिकेचं म्हणून सोडता येत नाही. आपल्याकडे मानवत आहे. १९७२ ते ७४, परभणी जिल्हा, गुप्तधन आणि अंधश्रद्धेतून बायका आणि लहान मुलींचे खून. त्यावर अमोल पालेकरांचा 'आक्रीत' १९८१ मध्ये आला, २०२४ ला ओटीटीवर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या बाजूने सांगितलेली सिरीज आली. तिथेही गोष्ट साधी नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या निकालात माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं याचीच लांबलचक चर्चा आहे. म्हणजे परत तेच, करणाऱ्याच्या तोंडूनच कळलेली हकीकत. आणि २०२२ चं सांगलीतलं म्हैसाळ. एका कुटुंबातले ९ जण, आधी सगळीकडे कर्जापायी आत्महत्या म्हणून बातमी, मग पोलिसांनी सांगितलं की गुप्तधनाच्या नादी लावणाऱ्या मांत्रिकाने विष दिलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असताना. उद्या कोणी म्हैसाळवर करेलच, मला खात्री आहे. त्याने चहाच्या कपात पावडर पडतानाचा क्लोजअप घेण्याआधी एवढं बघावं की पहिला पैसा कधी दिला, दुसरा कधी, घरातलं कोणी 'पुरे आता' म्हणालं होतं का, आणि ते कोण. तिथेही एखादी क्रिस्टीन मिलर असेल.

त्या रात्री आम्ही डॉक्युमेंटरी पुढे लावलीच नाही. मी मोबाईलवर वाचत राहिलो आणि मावशीला सांगत राहिलो. शेवटी पिस्तुलाचा भाग आला. खुनात वापरलेलं .२२ चं रिव्हॉल्व्हर १ सप्टेंबर १९६९ ला एका दहा वर्षांच्या पोराला घरामागच्या उतारावर सापडलं होतं. पोरगा टीव्हीवर 'ड्रॅगनेट' ही पोलिसांची मालिका बघायचा, त्यामुळे ठसे पुसू नयेत म्हणून त्याने ते नळीच्या टोकाला धरून उचललं आणि बापाकडे दिलं, बापाने पोलीस बोलावले. आलेल्या पोलिसाने ते दोन्ही हातांनी चांगलं चाचपून घेतलं. मग ते साडेतीन महिने व्हॅन नाइजच्या चौकीत पडून राहिलं, आणि तिकडे त्याच शहराचे पोलीस असं रिव्हॉल्व्हर कोणी पाहिलंय का म्हणून अमेरिका-कॅनडाभर पत्रकं पाठवत होते.

मावशीने सालं गोळा केली, ताट उचललं आणि उठता उठता म्हणाली, "पोरगं नीट बघत होतं म्हणायचं टीव्ही."